सहाव्या इनिंगला ताप किती होता

कोनात्सु : वहिनी, आधी गाडीत बस तरी. एक पाय बाहेर, डोकं आत, आणि आपलं किती, किती!

चिगुसा : किती आहे पण?

कोनात्सु : सदतीस पॉइंट तीन. दादाचा मेसेज पाच मिनिटांपूर्वीचा. सायो झोपलीय. अर्धी वाटी उदोनच्या शेवया तिच्या पोटात, अर्धी दादाच्या शर्टावर.

चिगुसा : तापाचा झटका नाही ना आला?

कोनात्सु : नाही गं बाई. आला असता तर मी जाळीवरून उडी मारून मैदानात आले असते. तुमच्या सॉफ्टबॉलच्या कोच हामाजिमाबाई बघत बसल्या असत्या, ही कोण नवी खेळाडू म्हणून.

चिगुसा : थट्टा नको. पाचव्या इनिंगपासून निळा पंखा होता.

कोनात्सु : कारण पाचवीला अडतीस एक होता, सहावीला अडतीस चार! नियम कुणी केला? अडतीसच्या खाली पांढरा, वर गेला की निळा. मी काय मनानं हलवते का पंखे?

चिगुसा : आणि सातवीला? मी तीनदा वर बघितलं. तुझ्या खुर्चीत कुणी नाही आणि शेजारी निळा पंखा हलतोय.

कोनात्सु : माणसाला बाथरूमला जावं लागतं की नाही?

चिगुसा : पंखा खुर्चीवर ठेवून जायचा.

कोनात्सु : ठेवलाच होता. पांढरा वर, निळा खाली. शेजारच्या आजोबांनी नेमका खालचा उपसून काढला आणि वारा घेत बसले.

चिगुसा : म्हणजे सातव्या इनिंगचा ताप… तो आजोबांचा होता?

कोनात्सु : तेव्हाच तू खेळ थांबवून टाइम मागितलास ना? पिचरकडे चालत गेलीस. मी जिन्यातून बघितलं. मी परत आले तर आजोबा मला सांगतात, बघा, कॅचर किती विचार करून खेळते.

चिगुसा : विचार कसला! मिओरीला म्हटलं, मला एक मिनिट नुसती उभी राहू दे, काही बोलू नकोस. ती बावीस वर्षांची पोर, तिला वाटलं तिचंच काही चुकलं. डोळे भरून आले तिचे.

कोनात्सु : जिंकलात पण.

चिगुसा : एका रननं. जिंकलो की वाचलो, कुणाला माहीत. तो निळा बदल बाई. नको वाटतो बघायला.

कोनात्सु : फुकटचा आहे. पांढरा विजेच्या दुकानाचा, निळा अंत्यविधीवाल्यांचा. ‘शांत निरोप, चोवीस तास सेवा.’ अक्षर मात्र छान आहे.

चिगुसा : कोनात्सु! माझ्या पोरीच्या तापाला तू अंत्यविधीवाल्यांचा पंखा हलवतेस?

कोनात्सु : दुरून अक्षरं दिसत नाहीत, मला वाटलं चालेल. आणि खरं सांगू? आता पंखे पुरे. ऑक्टोबर लागला. सगळे कोट घालून बसलेत आणि मी एकटी वारा घेतेय. मागची बाई म्हणाली, इतक्या तरुण वयात सुरू झालं का तुम्हाला, गरम होणं?

चिगुसा : अजून तीन सामने. मग नको.

कोनात्सु : फोन जवळ ठेवायची परवानगी माग ना सरळ.

चिगुसा : बाकावर फोन चालत नाही, कुणालाच. सामन्याआधी सगळे एका पिशवीत, पिशवीला कुलूप. मे महिन्यात सायोला तापात झटका आला तेव्हा त्या पिशवीत माझा फोन सतरा वेळा वाजला. आणि मी इकडे टाळ्या देत होते सगळ्यांना. चार तास, कोनात्सु. चार तासांनी कळलं मला.

कोनात्सु : माहितेय. अँब्युलन्समध्ये मीच होते.

चिगुसा : हामाजिमाबाईंना दुसऱ्या इनिंगलाच कळलं होतं. तुझ्या दादानं ऑफिसात फोन केला होता, ऑफिसनं त्यांना कळवलं. त्या बोलल्या नाहीत.

कोनात्सु : मग भांड ना त्यांच्याशी!

चिगुसा : कोणत्या तोंडानं? बाळंतपणानंतर मला परत घ्या म्हणून मीच गेले होते. अठरा वर्षांत कंपनीच्या टीममध्ये लेकुरवाळी कुणी नव्हती. मोठ्या साहेबांसमोर उभी राहून म्हणाले, घर मैदानात येणार नाही. शब्द दिलाय.

कोनात्सु : आणि घर पहिल्या रांगेत बसलंय, दोन पंखे घेऊन.

चिगुसा : हळू बोल. काच खाली आहे.

* * *

बाई : डबा ठेव बाजूला. आधी हे बघ.

चिगुसा : शनिवारचाच सामना ना, हामाजिमाबाई?

बाई : शनिवारचाच. नारिंगी टीमनं लीगकडे तक्रार केलीय. लेखी. सोबत हा व्हिडिओ. ही बाई. पहिली रांग, तिसऱ्या बेसच्या बाजूला.

चिगुसा : …दिसतेय.

बाई : त्यांचं म्हणणं, ही त्यांच्या कोचच्या खुणा वाचते आणि पंख्यानं तुला कळवते. ऑक्टोबरात पंखा, तोही दोन रंगांचा. प्रत्येक बॅटरच्या आधी तू वर बघतेस. निळा हलला की मिओरीकडे बाहेरचा, खालचा चेंडू मागतेस. चौदापैकी अकरा वेळा.

चिगुसा : अकरा?

बाई : मीही मोजले. बरोबर आहेत.

चिगुसा : मला वाटलं नव्हतं… म्हणजे, मोजत कोण बसतं असं?

बाई : हरलेली टीम मोजते. पंख्यावरचं नावसुद्धा वाचलंय त्यांनी. त्यांना वाटतं ती त्यांना धमकी आहे.

चिगुसा : बाई, आपण कुणाच्या खुणा चोरत नाही.

बाई : मला माहीत आहे. धावणारी बेस चोरणार, म्हणजे गुपचूप पुढच्या बेसकडे पळणार, हे तुला आधी कळलं असतं, तर तू उंच चेंडू मागितला असतास. उभ्या उभ्या फेकता यावं म्हणून. खालचा कुणी मागत नाही. तक्रार लिहिणारा कधी कॅचरचा मास्क घालून बसलेला नाही.

चिगुसा : मग हेच सांगा ना त्यांना.

बाई : ते विचारतील, मग खालचा का मागितला. काय सांगू?

चिगुसा : मिओरीचा तो चेंडू चांगला पडत होता त्या दिवशी.

बाई : मिओरीचा तो चेंडू त्या दिवशी पडतच नव्हता. दोनदा मातीत आपटला. तूच छातीनं अडवलास.

चिगुसा : मग आता पुढे काय?

बाई : बुधवारी सुनावणी आहे. आरोप टिकला तर विजय जाईल. तू वर्षभर बाहेर. मिओरी चार सामने बाहेर, आणि उरलेत तीन. म्हणजे तिचा मोसम संपला, आणि नावाला डाग लागला तो वेगळा. आता एकच विचारते, आणि एकदाच. ही बाई तुझ्या ओळखीची?

चिगुसा : नाही.

बाई : बरं.

चिगुसा : असेल कुणी तरी. येतात ना असल्या बायका, एकेका खेळाडूच्या मागे लागलेल्या…

बाई : जेवून घे. एकला मैदानावर.

* * *

कोनात्सु : हां वहिनी, बोल. शाळेची बस धुतेय, एका हातात पाइप आहे. ही पोरं चिकटवतात काय खिडक्यांना देव जाणे.

चिगुसा : पुढच्या सामन्याला येऊ नकोस. आणि ते पंखे आहेत ना, ते टाकून दे. आजच. कचऱ्याचा वार नसला तरी.

कोनात्सु : का? काय झालं?

चिगुसा : व्हिडिओ काढलाय तुझा. नारिंगीवाल्यांनी. तू खुणा चोरून मला सांगतेस म्हणतात.

कोनात्सु : मी? मला अजून इनिंग कधी संपते ते कळत नाही! सगळे उठले की मी उठते.

चिगुसा : बाईंनी विचारलं, ही कोण.

कोनात्सु : मग?

चिगुसा : ओळखत नाही म्हणाले.

कोनात्सु : कुणाला?

चिगुसा : तुला.

कोनात्सु : …थांब, पाणी बंद करते. हां. काय म्हणालीस?

चिगुसा : ऐक ना—

कोनात्सु : लग्नात तुझ्या किमोनोचं टोक दिवसभर मी धरून फिरले. सायोचा पहिला लंगोट मी बदलला, तेव्हा तू भूल उतरायची वाट बघत होतीस. पाच महिने मी शनिवार-रविवारची झोप सोडून त्या लोखंडी खुर्चीवर बसतेय. ओळखत नाही?

चिगुसा : ओळखते म्हटलं तर विचारतील, पंखा कशाला. ताप कळवायला म्हटलं तर…

कोनात्सु : तर काय? पोरीचा ताप आहे, चोरी आहे का?

चिगुसा : चोरी परवडली. चोरी असती तर टीमसाठी केली म्हणून चारजणी पाठीशी तरी उभ्या राहिल्या असत्या. हे वेगळं आहे. निळा दिसला की माझा हात आपोआप खालची खूण करतो, कोनात्सु. अकरा वेळा. मला माहीतही नव्हतं. घर मैदानात येतं, हे मीच चारचौघांत सिद्ध करून द्यायचं. मग पुढच्या वर्षी ठेवतील मला? माझ्यामागे बाकावर वीस वर्षांची कॅचर बसलीय. तिला ना मूल, ना पंखा. माझ्याकडे बघते तेव्हा वाटतं, दिवस मोजतेय.

कोनात्सु : आणि तू तिच्याकडे बघतेस तेव्हा?

चिगुसा : मीही मोजते.

कोनात्सु : ऐक. मला सांगायचं नव्हतं तुला. आज आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं होतं. तो व्हिडिओ फोनाफोनांवरून फिरतोय. एका मुलाच्या आईनं विचारलं, आमच्या पोरांची बस चालवते ती हीच का, चोरटी?

चिगुसा : अगं… मग तू काय म्हणालीस?

कोनात्सु : म्हटलं, पंखा माझा, हात माझा, वारा घ्यायला बंदी आहे का? त्या म्हणाल्या, तसं नाही हो, पण बुधवारपर्यंत दुसरं कुणी तरी चालवेल बस.

चिगुसा : पण आत्ता धुतेयस ना बस?

कोनात्सु : धुवायला दिलीय. चालवायला नाही.

* * *

बाई : इथे काय करतेस? सकाळची तुझी वेळ कारखान्यात तपासणीच्या खोलीत असते.

चिगुसा : दहा मिनिटं मागून आलेय. आज माझ्या हातून गाडीच्या तीन चिरलेल्या रिंगा पास झाल्या. रबराची रिंग दिव्यासमोर धरते आणि मला काही दिसतच नाही. बाई, मी काल खोटं बोलले.

बाई : हं.

चिगुसा : ती माझी नणंद आहे. कोनात्सु. पांढरा पंखा म्हणजे सायोला, माझ्या मुलीला, ताप नाही. निळा म्हणजे आहे. नवरा घरून कळवतो आणि ती मला दाखवते. तिला सॉफ्टबॉल कळत नाही. खरंच कळत नाही.

बाई : नणंद आहे हे माहीत नव्हतं. बाकीचं ऑगस्टपासून माहीत आहे.

चिगुसा : ऑगस्ट?

बाई : घाबरलेली कॅचर खालचा चेंडू मागते. कुणी लांब मारू नये म्हणून. तू दुबळ्या बॅटरलासुद्धा मागत होतीस. म्हणजे भीती बॅटरची नव्हती. मग तू कुठे बघतेस ते मी बघितलं.

चिगुसा : तेव्हा बोलला का नाहीत?

बाई : तू जिंकत होतीस.

चिगुसा : मे महिन्यातही मी जिंकत होते.

बाई : …हो.

चिगुसा : दुसऱ्या इनिंगला कळलं होतं तुम्हाला. त्यानंतर पाच इनिंग मी बाकावर तुमच्या शेजारी येऊन बसत होते. पाणी पीत होते. तुम्ही मला म्हणालात, खांदा सैल सोड.

बाई : आमच्या वेळी एक म्हणायचे. मैदानावरच्या माणसानं आईबापांचा शेवटचा श्वास बघायची आशा धरू नये. मी धरली नाही. वडील गेले तेव्हा मी हामामात्सुच्या मैदानावर होते. संध्याकाळी कळलं. मला वाटलं, हे असंच असतं.

चिगुसा : आईबाप म्हणायचे ना? लेकराचं नव्हतं कुणी म्हटलं.

बाई : नाही. लेकराचं कुणी म्हटलं नव्हतं. लेकरू असलेली तेव्हा कुणी खेळतच नव्हती.

चिगुसा : उद्या मी सगळं सांगणार आहे. कोनात्सुलाही नेणार आहे.

बाई : ते कागद कंपनीत येतात. मोठे साहेब एकेक ओळ वाचतात.

चिगुसा : माहितेय.

बाई : विजय राहील. मिओरी राहील. तू राहशील असं मी म्हणत नाही.

चिगुसा : मी विचारलं नाही, बाई. विचारलं असतं तर उद्या माझं तोंड उघडलं नसतं.

बाई : नवऱ्याचे सगळे मेसेज कागदावर छापून आण. वेळेसकट. आणि त्या तीन रिंगा शोधून काढ आधी. कुणाच्या तरी गाडीत जातील.

* * *

कोनात्सु : सातजण, सात काळे सूट, आणि टेबलावर मधोमध टाकायचे राहिलेले माझे दोन पंखे! प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चिठ्ठी लावून. मला हसू आवरेना.

चिगुसा : म्हणून मी तुझ्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर हसले तरी असते नाहीतर रडले तरी.

कोनात्सु : तो चष्मेवाला किती गंभीर तोंडानं विचारत होता, “सहाव्या इनिंगला ताप किती होता?” जसं काही रन विचारतोय.

चिगुसा : अडतीस पॉइंट चार.

कोनात्सु : मला कशाला सांगतेस? मीच हलवला! पण तू कागदाला हात न लावता सांगत होतीस, वहिनी. तिसरीला सदतीस सहा, तेव्हा कोण बॅटर, कुठला चेंडू, कुठे गेला. चौथीला सदतीस नऊ, तेव्हा कोण. एकीकडे दादाचे मेसेज, एकीकडे व्हिडिओ. त्या कोपऱ्यातल्या पोरीनं दोन रकाने पाडून लिहून घेतलं. सगळं जुळलं.

चिगुसा : सातवी सोडून.

कोनात्सु : सातवी सोडून! “मेसेजप्रमाणे ताप उतरला होता, मग निळा पंखा का?” म्हटलं, साहेब, तो आजोबांचा. “हे आजोबा कोण?” म्हटलं, काय माहीत, गरम होत असेल त्यांना. तेव्हा तो टकलू खोकला, पण ते खोकणं नव्हतं, मी सांगते.

चिगुसा : तू छान बोललीस. घाबरली नाहीस.

कोनात्सु : मी रोज एकतीस पोरांना पट्टे लावून बसवते. सात माणसांचं काय! उद्यापासून बस माझी. विजय तुमचा. मिओरी तर बाहेर तुझ्या गळ्यातच पडली. आता तरी हस.

चिगुसा : शेवटचं ऐकलंस ना, तो मधला काय म्हणाला? “म्हणजे आपलं लक्ष सामन्यावर नव्हतं, हे आपण मान्य करता.”

कोनात्सु : तू हो म्हणालीस.

चिगुसा : मी हो म्हणाले नाही. मी म्हणाले, दोन्हीकडे होतं. त्या पोरीनं ‘हो’ लिहिलं.

कोनात्सु : मग तिथल्या तिथे खोडायला लावायचं ना!

चिगुसा : लावणारच होते. तेवढ्यात बाहेर कुणाचा तरी फोन वाजला आणि मला वाटलं, माझा.

कोनात्सु : तुझा तर माझ्या पर्समध्ये होता. बंद.

चिगुसा : माहितेय. तरी वाटलं. तू जरा दादाला लाव ना फोन.

कोनात्सु : अगं, आज ताप नाहीये तिला. पाळणाघरात गेलीय! साडेसदतीसच्या वर एक कण असता तर त्यांनी दारातून परत पाठवलं असतं.

चिगुसा : विचार तरी.

* * *

बाई : बसू नकोस. दोन वाक्यं आहेत. पुढच्या वर्षीच्या यादीत तुझं नाव मी लिहिलं होतं. वरून खोडून आलंय.

चिगुसा : …तुम्ही लिहिलं होतं?

बाई : पहिलं लिहिलं होतं. एप्रिलपासून तू तपासणी विभागात, पूर्ण दिवस.

चिगुसा : काही कारण दिलंय?

बाई : सुनावणीच्या कागदाला एक ओळ अधोरेखित करून जोडलीय. ‘हो’ असलेली.

चिगुसा : हं. ती होय.

बाई : मी वर जाऊन आले. दोनदा. पाणी दिलं, बसवलं, ऐकून घेतलं. बदललं काही नाही.

चिगुसा : तुम्ही गेलात एवढं… असू दे. म्हणजे आता माझे तीन सामने.

बाई : तेही खेळलेच पाहिजेत असं नाही. नको म्हणालीस तर तुझ्या जागी त्या वीस वर्षांच्या पोरीला बसवते. कुणी नावं ठेवणार नाही.

चिगुसा : घरी बसून काय करू? इथे सायोची काळजी करते, तिथे मिओरीची करीन. ती तिसऱ्या इनिंगनंतर कोपर आत घ्यायला विसरते. त्या पोरीला ते दिसतही नाही.

बाई : मग खेळ.

चिगुसा : एक अट आहे.

बाई : अट घालायची जागा आता तुझी राहिलेली नाही.

चिगुसा : म्हणूनच घालतेय. आता काय काढून घेणार माझ्याकडून? घरून काही कळलं तर मला सांगायचं.

बाई : सामना संपल्यावर.

चिगुसा : लगेच.

बाई : सामना थांबवून?

चिगुसा : तुम्हाला टाइम घेता येतो ना? पिचर डगमगली की घेता, पाऊस आला की घेता. एक माझ्यासाठी ठेवा.

बाई : बाकावर फोन चालत नाही.

चिगुसा : बाकामागच्या बोळात फिजिओ उभी असते. फोन तिच्याकडे. बोळ बाकात धरत नाहीत. मी नियमांचं पुस्तक तीनदा वाचलंय.

बाई : अठरा वर्षं मी बोळातून जातेयेते. माझ्या डोक्यात आलं नाही.

चिगुसा : तुम्हाला गरज पडली नाही, बाई.

बाई : …बरं. सांगेन.

चिगुसा : लगेच?

बाई : सांगेन म्हटलं ना.

* * *

(ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. मोसमातला शेवटचा सामना, पाचवी इनिंग. हामाजिमाबाई पंचांकडून टाइम घेऊन होमबेसकडे येतात. चिगुसा मास्क वर करून त्यांच्या दिशेनं चार पावलं पुढे आली आहे.)

चिगुसा : किती?

बाई : अडतीस पॉइंट सहा. झटका नाही.

चिगुसा : नाही? नक्की नाही?

बाई : नाही. मी स्वतः बोळात जाऊन बोलले.

चिगुसा : कुणाशी?

बाई : तुझ्या नणंदेशी. फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. झटका येऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेलं औषध दिलंय. कपाळावर थंड पट्टी लावलीय. पोरगी रस मागतेय.

चिगुसा : मागतेय? तोंडानं मागतेय?

बाई : ओरडून. मला ऐकू आलं.

चिगुसा : डोळे? डोळे कसे आहेत विचारलंत? मे महिन्यात आधी डोळे वर गेले होते.

बाई : विचारलं. बापावर रागावलीय म्हणे, पट्टी काढू देत नाही म्हणून. रागावलेल्या माणसाचे डोळे जागेवर असतात.

चिगुसा : रागावलीय… बरं. रागावली असेल तर… बरं.

बाई : पंच घड्याळ बघतोय. जायचं तर फाटकाशी गाडी आहे, फिजिओ नेईल. चाळीस मिनिटं लागतील. तुझ्या जागची ती पोर पट्टे बांधून तयार आहे.

चिगुसा : तुम्ही तिला आधीच तयार ठेवलीत?

बाई : पहिल्या इनिंगपासून. तुला जावं लागलं तर थांबायला लागू नये म्हणून.

चिगुसा : …कुठला रस मागतेय? सफरचंदाचा?

बाई : ते नाही विचारलं.

चिगुसा : सफरचंदाचाच असेल. संत्र्याचा दिला तर उलटी करते. कोनात्सुला माहितेय. माहितेय ना तिला? हो, माहितेय.

बाई : चिगुसा. जातेस की थांबतेस?

चिगुसा : एक आउट. दुसऱ्या बेसवर धावणारी. समोरच्या बाईला मिओरीचा वर चढणारा चेंडू दिसतच नाही, दोनदा हुकलाय तिचा. आणखी दोघींना बाद केलं की आपण बाकावर. मग मला बोळात जाऊन ऐकता येईल?

बाई : येईल.

चिगुसा : थांबते. पण झटका आला तर असं विचारत बसू नका. सरळ हाताला धरून बाहेर काढा.

बाई : काढीन.

चिगुसा : आणि बाई, पुन्हा यायचं झालं तर अशा धावत येऊ नका. तुम्हाला धावताना बघितलं आणि मला वाटलं, झटकाच आला.

बाई : मी चालतच आले, चिगुसा.